डोंगर क्रमांक एकशे सत्त्याऐंशी

पुणे, ९ फेब्रुवारी

ती. मामा,
सा. नमस्कार.

फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही हो म्हणता आणि महिन्याने विचारलं की "मी कधी म्हणालो?" म्हणता. मी होस्टेलला असताना तुम्ही दर महिन्याला पत्र लिहायचात. त्यातला शब्द तुम्ही कधी फिरवला नाहीत. म्हणून कागदावरच मागते.

आमचा गट मावळातल्या डोंगरांचा हिशेब मांडतोय. किती दिवसांत किती पाऊस पडला तर कुठला उतार खाली येईल, हे आधी सांगता यावं म्हणून. एकूण दोनशे बारा उतार आहेत. गणित इतकं मोठं आहे की एका संगणकाला वर्षं लागतील, आणि पुण्यातल्या मोठ्या संगणकावर आमच्यासारख्यांना महिन्यातून चार तास मिळतात. म्हणून ग्रिड करतोय. ठिकठिकाणचे रिकामे संगणक इंटरनेटनं जोडायचे, गणिताचे तुकडे करून एकेकाला द्यायचे. प्रत्येक तुकडा तीन यंत्रांना जातो. तिघांचं उत्तर जुळलं तरच खरं धरायचं. आज डोंगर, उद्या औषधं, पिकांवरचे रोग. घरोघरी नुसती पडून असलेली यंत्रं अशी कामाला लागली, तर संशोधनासाठी कुणाच्या दारात उभं राहायला नको.

तुमच्याकडं बेचाळीस बंगल्यांच्या चाव्या आहेत. आठवडाभर बंद घरं, आत महागडे संगणक. मालकांना विचाराल? काळजी करू नका, संगणकांना काही होत नाही. सोबत फॉर्म आहेत. सही मालकाचीच हवी.

तुमची,
शुभदा

*

मळवली, १५ फेब्रुवारी

चि. शुभदा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा काही कळलं नाही, दुसऱ्यांदा हसू आलं. अगं, ही तर इर्जिक! एकाच्या खाचरात चिखलणी निघाली की वाडीतल्या सगळ्यांनी बैल घेऊन उतरायचं, दिवसात रान उरकायचं, दुपारी मटणभाकरी खायची आणि दुसऱ्या दिवशी पुढच्याच्या रानात. तुम्ही बैलांच्या जागी संगणक जुंपताय, एवढंच. आणि जेवण देत नाही.

माणूस बरोबर गाठलास. नऊ नंबरच्या बंगल्यात मुलाच्या खेळाचा संगणक आहे, त्याला आतून निळे दिवे. मुलगा शिकायला परदेशात, आणि आमची शालूबाई दर सोमवारी त्याच्यावरची धूळ पुसते. असे एक्केचाळीस निघाले. मालकांचं माझ्याकडं. विचारून घेतो, फॉर्म मागाहून.

माझं एक मागणं आहे. उंबरमाळचा डोंगर आधी घ्या. कोंडू ठाकर तुला आठवत असेल, तुला लहानपणी करवंदं आणून द्यायचा. त्याच्या वाडीच्या वर, पठारावर, गेल्या पावसाळ्यात भेग पडलीय. त्यानं तिच्यात गुरं हाकायची काठी घातली, तर काठी अख्खी आत गेली आणि परत मिळाली नाही. अकरा घरं आहेत खाली. मी विचारलं, "कोंडू, भीती वाटत नाही?" म्हणाला, "भीती वाटून जावावं कुटं, भाऊ? तुमच्या बंगल्यात?"

तुझा,
महिपतीमामा

*

पुणे, ४ मार्च

ती. मामा,
सा. नमस्कार.

एक्केचाळीस यंत्रं लागली! फॉर्म मागाहून येतील या तुमच्या शब्दावर मी ती जोडून घेतली. माझ्या पडद्यावर मावळचा नकाशा आहे, चालू यंत्राचा हिरवा ठिपका दिसतो. मळवलीभोवती नुसती हिरवळ. फक्त दर सोमवारी दुपारी सगळे ठिपके विझतात आणि शुक्रवारी संध्याकाळी पेटतात. असं का?

उंबरमाळ आधी घेणं माझ्या हातात नाही. क्रम आमच्या समितीनं ठरवलाय. पहिल्यांदा रस्ता, रेल्वे आणि धरणांवरचे उतार, मग यंत्र देणाऱ्यांचे, मग उरलेले. "यंत्र देईल त्याचा डोंगर आधी" हा नियम मीच सुचवला होता. नाहीतर लोक यंत्र का देतील? उंबरमाळचा क्रमांक एकशे सत्त्याऐंशी. दिवाळी उजाडेल.

एक वाट आहे. यंत्र देणाऱ्याला आपला क्रम दुसऱ्याला देता येतो. फॉर्मच्या मागच्या बाजूला तसा रकाना आहे. वीस मालकांनी तो भरून दिला, तर उंबरमाळ वर सरकेल. काळजी करू नका, तुमचे मालक तुमचं ऐकतात.

शुभदा

*

मळवली, १२ मार्च

चि. शुभदा हिस आशीर्वाद.

सोमवारचं कोडं सुटलं. दोष माझाच. बंगला झाडून झाला की मेन स्विच पाडायचा आणि मग कुलूप लावायचं, ही शिस्त सोळा वर्षांपूर्वी मीच लावली. शालूबाईला सांगितलं, आता मेन पाडू नकोस. ती म्हणाली, "दादा, रिकाम्या घरात काय शिजतंय म्हून चूल पेटती ठेवायची?" मी म्हणालो, गणित शिजतंय. तिनं माझ्याकडं बघितलं तशी माझी आई माझ्याकडं ताप आल्यावर बघायची. पण आता पाडत नाही.

तुझ्या समितीत इर्जिक केलेला एकही माणूस नाही, हे मात्र कळलं. बैल देणाऱ्याचं रान आधी? आमच्या गावात उलटं होतं. ज्याच्याकडं बैल नाही त्याचं रान आधी. कारण बैलवाला आज नाही तर उद्या आपलं उरकतो, बिनबैलाचं रान राहिलं की राहिलंच. तुझे आजोबा गेले तेव्हा मी बारा वर्षांचा. आईकडं बैल नव्हते. गावात इर्जिक निघायच्या आदल्या दिवशी पहिली जोडी आमच्या खाचरात उतरली ती कोंडूच्या बापाची, वरून, उंबरमाळवरून. त्या वर्षी आम्ही भात खाल्ला तो त्यामुळं. तुझी आईही त्याच भातावर वाढली.

सोबत वीस फॉर्म. सगळे भरलेले, मागचा रकानाही.

महिपतीमामा

*

पुणे, २१ एप्रिल

ती. मामा,

फॉर्म आल्या दिवशी मी ते न बघता समितीपुढं ठेवले. उंबरमाळ वर आलं, गणित सुरू झालं.

गेल्या आठवड्यात नऊ नंबरच्या मालकांनी संस्थेला पत्र पाठवलं. ते अचानक बंगल्यावर आले, तर संगणक गरम. आपण कुठलाही फॉर्म भरला नाही, असं त्यांचं म्हणणं. मग मी फॉर्म काढून बघितले. सातवीत मी सहलीच्या कागदावर आईची सही आणायला विसरले होते, तेव्हा ती तुम्ही केली होती. "ळ"च्या गाठीला तुम्ही मारता तो फटका मी ओळखते, मामा. तो वीसही फॉर्मवर आहे.

समितीनं सगळी एक्केचाळीस यंत्रं काढून टाकली. त्यांनी केलेलं सगळं काम पुसायचं ठरलं. ते पुसायचं काम मलाच दिलं, आणि मी ते केलं. जो दुसऱ्याचं यंत्र न विचारता वापरतो, त्याच्या ग्रिडला उद्या कोण यंत्र देईल? लोकांचा विश्वास एवढंच आमचं भांडवल आहे. समितीत मी आता नाही. नोकरी आहे, अजून.

उंबरमाळचं गणित तीनपैकी दोन यंत्रांवर पूर्ण झालं होतं. त्याबद्दल मला तुम्हाला काहीही लिहिता येत नाही.

शुभदा

*

मळवली, २८ एप्रिल

चि. शुभदा,

मी विचारलं नव्हतं. एकालाही नाही. पहिल्या पत्रात "विचारून घेतो" लिहिलं तेव्हाच खोटं बोललो. इर्जिकीला कुणी फॉर्म पाठवत नाही, दारात हाक मारली की बैल सुटतात, अशी मी मनाची समजूत घातली. पण हाक तरी कुठं मारली होती? दुसऱ्याचे बैल गोठ्यातून सोडून नेणाऱ्याला गावात वेगळं नाव आहे. सोळा वर्षं चाव्या खिशात असल्या की माणसाला घरंच आपली वाटायला लागतात.

आता खरं विचारायला निघालो. नऊ नंबरच्या साहेबांच्या पाया पडलो. त्यांनी माफ केलं, चहा दिला, आणि मी कप ठेवायला स्वयंपाकघरात गेलो तेव्हा मागच्या ओट्यावर पाहुण्यांना म्हणाले, "डोंगर धोक्याचा निघाला, तर पायथ्याचे आपले प्लॉट घेणार कोण? हिशेब झालाच नाही ते बरं." माझे कान तुला माहीत आहेत. बेचाळीस दारं फिरलो. यंत्राला नकार कमी, उत्तराला नकार जास्त. एकट्या सुषमाताई हो म्हणाल्या, त्या पुण्यात नर्स होत्या. त्यांच्या बंगल्यात संगणक नव्हताच, त्या लेकीचा जुना मागवून घेतायत.

मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. तू दर पत्रात कुठंतरी "काळजी करू नका" लिहितेस. या पत्रात नाही. मी चप्पल घातली आणि उंबरमाळला चढलो.

सगळे वडाखाली बसले होते. मी काही लपवलं नाही. म्हणालो, उत्तर आलं होतं, पण मी खोट्या सह्या करून आणलं, म्हणून पुसलं. काय होतं ते मला माहीत नाही, पण भाचीच्या अक्षरावरून चांगलं नसावं. कोंडूचा मेव्हणा बजरंग उठून उभा राहिला. म्हणाला, "सह्या खोट्या, मंग हिशेब खरा कशावरनं? ह्यो भाऊ आमाला उटवायला आलाय. उद्या हितं बंगले हुतील, चाव्या ह्याच्याच खिशात." बेचाळीस चाव्यांचा जुडगा खरोखर खिशात होता.

कोंडू माती टोकरत होता. मग म्हणाला, "भाऊ, यंत्र देईल त्याचा डोंगर आधी, असा त्यांचा नेम हाय न्हवं? मंग आमी देतो की."

शुभदा, वरच्या शाळेत एक संगणक आहे. तीन वर्षांपूर्वी कुठल्या कंपनीनं भेट दिलेला, अजून खोक्यात. कोंडू शाळा समितीचा अध्यक्ष आहे. वर लाईट टिकत नाही, ती गेली की यंत्र बंद पडतं आणि आली की कुणीतरी बटण दाबावं लागतं. म्हणून अकरा घरांनी नंबर लावलेत, एक दिवस एक घर. मोबाईलला रेंज फक्त शाळेच्या खिडकीत आहे, तर कोंडूच्या किरणनं आपला फोन तिथं गजाला बांधलाय. बजरंग म्हणाला, "मला पटलेलं न्हाई. पर माझ्या घराचा नंबर मी चुकवनार न्हाई."

सोबत तीन फॉर्म. उंबरमाळची शाळा, सुषमाताई आणि माझ्या ऑफिसातला संगणक. सह्या ज्याच्या त्याच्या. कोंडूनं सही करायला पाऊण तास घेतला.

महिपतीमामा

*

पुणे, १६ जून

ती. मामा,
सा. नमस्कार.

तिन्ही उत्तरं जुळली. संस्थेच्या शिक्क्याचा कागद सोबत आहे, एक प्रत तहसील कचेरीला गेली. सोप्या शब्दांत सांगते: चार दिवस मिळून सहाशे मिलिमीटरच्या पुढं पाऊस गेला, तर भेगेखालचा उतार बहुतेक सुटेल. आधी मोठा पाऊस होऊन गेलेला असेल, तर त्याहून कमी पावसातही.

हे भविष्य नव्हे. यंदा काही न होताही पावसाळा जाऊ शकेल. तसं झालं तर लोक हसतील, आणि पुढच्या वेळी ऐकणार नाहीत. म्हणून कोंडूमामांना हे दोन्ही सांगा.

उंबरमाळचं यंत्र एकोणीस दिवस चाललं. सत्तावन्न वेळा वीज गेली आणि सत्तावन्न वेळा कुणीतरी बटण दाबलं. नोंद आहे माझ्याकडं. आमच्याकडच्या एकाही मोठ्या संस्थेनं यंत्राला इतकं जपलेलं नाही. समितीत मी नसले तरी हा आकडा मी तिथं पाठवला.

शुभदा

*

मळवली, ११ जुलै

चि. शुभदा हिस आशीर्वाद.

दोन तारखेला, चौथ्या दिवशी, पाऊस एकूण साडेचारशे मिलिमीटर झाला, तेव्हाच सगळ्यांना खाली आणलं. कागद होता म्हणून खालच्या शाळेचे दोन वर्ग मिळाले. चार घरं सुषमाताईंच्या हॉलमध्ये. बाकीचे बंगले रिकामे, चाव्या माझ्याकडं, पाऊस कोसळतोय. सावित्राबाई, कोंडूची बायको, लहानग्यांना पदराखाली घेऊन व्हरांड्यात उभी. हात दोनदा खिशात गेला. पण या वेळी मी फोन करून विचारलं. नाही म्हणाले. उघडले नाहीत.

आणि मग पाऊस थांबला! सहा दिवस ऊन. डोंगर जागेवर. वर भाताची रोपं लावणीला आलेली, ती पिवळी पडायला लागली. लोक दिवसा वर जाऊन लावणी करतात आणि अंधाराच्या आत खाली येतात. चेष्टा चाललीय. "भाऊ, डोंगर कवा पडनार? आमाला जेवायला यायचंय." मी हसतो, पण रात्रभर पत्र्यावर कान असतो.

वरचं यंत्र चालूच आहे, हे तू बघत असशील. आपलं गणित झालं की बंद करायचं, असं मी धरून चाललो होतो. कोंडूनं मलाच झापलं, "आपलं रान झालं म्हून बैल घेऊन घरी जातो का कोन?" आता शेजारच्या वाडीचा डोंगर चालू आहे म्हणे. मला फार बरं वाटलं गं. मीच म्हणालो, राहू द्या चालू, नंबरही चालू ठेवा.

महिपतीमामा

*

पुणे, २२ जुलै, मंगळवार, दुपारी एक

मामा,

तुमचा फोन लागत नाही, किरणचाही नाही. आमची गाडी लोणावळ्याला निघालीय, ड्रायव्हरच्या हाती चिठ्ठी देते, तो मळवलीला उतरून देईल. तहसीलला कळवलंय.

परवापासून तिकडं पुन्हा पाऊस आहे. उंबरमाळचं यंत्र काल संध्याकाळी वीज जाऊन बंद पडलं. आज सकाळी नऊ चाळीसला पुन्हा सुरू झालं. सव्वाअकराला बंद पडलं, ते अजून बंद आहे.

मामा, ते आपोआप सुरू होत नाही. सगळे खाली आहेत ना? मग वर कोण आहे?

शुभदा

*

मळवली, २७ जुलै

चि. शुभदा,

चिठ्ठी आली तेव्हा मी वरच होतो, म्हणजे जिथपर्यंत जाता येत होतं तिथपर्यंत. शाळा नाही. वड नाही. अकरा घरांतलं एक कोपऱ्यातलं राहिलंय, तिरपं. बाकी सगळं लाल चिखलाखाली, वरून गवत उभंच, जसं पठारावर होतं तसं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर बजरंग. आदल्या दिवशी लावणीला वर गेला तो उतरला नाही. मंगळवारी त्याच्या घराचा नंबर होता. त्यानं किरणजवळ निरोप दिला होता, "वर लाईट आली की बटन दाबून येतो. भाऊचा कागद खोटा असल, पर माझा नंबर खोटा न्हाई." चौथ्या दिवशी सापडला.

बाकी सगळे आहेत. सत्तेचाळीस माणसं. सावित्राबाई भाकरी थापते आणि मधेच थांबते, भाऊ होता तिचा. कोंडूनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझं समाधान करू नकोस. मी विचार करून ठेवलाय. मी पहिल्या दिवशी खरं बोललो असतो, तर कागद एप्रिलात आला असता की नसता, मला माहीत नाही. पण बजरंगनं माझ्या तोंडाकडं बघून कागद खोटा ठरवला, हे मला माहीत आहे. आणि यंत्र चालू ठेवा, नंबर चालू ठेवा, असं मी म्हणालो. बैल राहू दे, माणसा, तू बाजूला हो, एवढं सांगायचं मला सुचलं नाही. तुमच्या फॉर्मवर ते एक वाक्य छापा, ठळक. आणि ज्याच्याकडं यंत्र नाही त्याचा डोंगर आधी, हेही समितीला पुन्हा सांग. तू समितीत नसशील तर माझं हे पत्र त्यांना दे.

काल नऊ नंबरचे साहेब आले होते. मी काही मागितलं नाही. त्यांनीच विचारलं, "तो फॉर्म आहे का अजून?" खुर्चीत बसून सही केली. मागचा रकाना भरायला पेन घेतलं आणि विचारलं, "क्रम कुणाला द्यायचा?"

मी कोंडूकडं गेलो आणि त्याला विचारलं. त्यानं फॉर्म हातात घेतला, मागची बाजू बघितली. मग म्हणाला, "ते शेजारच्या वाडीचं चाललं हुतं. अर्धं ऱ्हायलं आसंल."

तर ते अर्धं राहिलेलं आधी लाव. बजरंगनं नऊ चाळीसला सुरू केलं होतं, तिथून पुढं. माझ्या यंत्राला लाव, मेन कुणी पाडणार नाही, मी इथंच बसलोय. फॉर्म सोबत आहे, सही साहेबांची. पत्राखाली आहे ती माझी.

महिपती